सालहाने अडवलेला जिना

अम्मार झुवैदीला फ्रेंचांनी गोळ्या घातल्या, तेव्हा त्याची लेक सालहा आईच्या पोटात होती. आमच्या फॉस्फेटच्या खाणींतल्या कामगारांचा तो पुढारी. गावातल्या रस्त्याला, शाळेला त्याचंच नाव. दर हुतात्मा दिनी त्याच्यावरचं नाटक व्हायचं आणि अम्मार व्हायचो मी, हसूना नावाचा नट! शेवटी मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो, की वरच्या सज्जातल्या बायका जिभा फिरवून ललकारायच्या, पाय आपटायच्या. नाट्यगृह हादरायचं. त्या गजरावर मी वर्ष काढायचो.

सालहा नगरपालिकेत इंजिनिअर झाली. एका वर्षी तिने सज्जाखालची तुळई ठोकून पाहिली, ती पोकळ वाजली आणि तिने हुतात्मा दिनीच नाट्यगृहाला सील लावलं. प्रांताधिकाऱ्यांनी ते तोडायला लावलं.

"बाई, आज तुमच्या वडिलांचा दिवस!"

"म्हणूनच बायका पाय जास्त आपटतील, साहेब."

संध्याकाळी ती सज्जाच्या जिन्यात हात पसरून उभी राहिली.

"बापाच्या नावावर नोकरी, आणि बापाच्याच नाटकाला कुलूप?" बायका कडाडल्या.

"हिने बाप पाहिलाय कुठे!"

मग तिची आई पुढे आली, लल्ला तुर्किया. तिची जागा सज्जात पुढे, मधोमध.

"बाजूला सर."

"नाही, आई."

खाडकन थोबाडीत बसली. सालहा हलली नाही.

"तू माझ्या नवऱ्याची नव्हेसच," म्हातारी म्हणाली आणि घरी निघून गेली; मागोमाग बाकीच्या बायकाही. पुन्हा लेकीशी बोलली नाही.

त्या रात्री मी रिकाम्या सज्जापुढे मेलो. सज्जा पडला नाही. वर कुणी नव्हतंच, तर पडेल कसा? पण गावाने तिला खोटारडी ठरवलं. तिची बदली थेट वाळवंटात झाली.

ती गेल्यावर सज्जाखाली गुपचूप लोखंडी खांब उभे राहिले. बायका पुन्हा वर बसू लागल्या. मी लल्ला तुर्कियाला म्हटलं, "खांब पाहिलेत ना?"

"हसूना, तू नाटकातलं बोल."

ती वारली तेव्हा सालहा बसने आली. आत बायका मयताला अंघोळ घालत होत्या. त्यांनी दार उघडलं नाही. "तुझ्या आईनेच सांगून ठेवलंय."

ती उंबऱ्याबाहेर बसली. मी शेजारी टेकलो. दाराखालून पाणी वाहत आलं, तिच्या चपला भिजल्या. तिने पाय काढले नाहीत.

"काका, खांब केवढे जाड टाकलेत?"

"माझ्या मांडीएवढे."

"मधेही आहेत?"

"आहेत."

"बरं झालं," ती म्हणाली. "आई मधोमध बसायची."