हाक मारायची नाही

तारकर्लीत, लोकांचे कुत्रे सांभाळणाऱ्या एस्पेरांसाच्या फाटकापाशी गाडी थांबली की आधी कुत्रा उतरतो, मग माणसे. माणसे फाटकाबाहेर, ती आत, आणि मध्ये तिचे नियम. परत कोणत्या दिवशी नेणार ते आधी सांगा. अंगावर वापरलेला, न धुतलेला एक कपडा ठेवून जा. तो त्यावर निजेल. जेवायला भात आणि काटे काढलेले मासे मिळतील. आणि फोन करून त्याला तुमचा आवाज ऐकवायचा नाही. खुशाली मीच कळवीन, संध्याकाळी चर्चची घंटा झाल्यावर.

"मावशी, फक्त हाय म्हणायचंय हो!" पुण्याचे लोक हसतात.

"मगे माका म्हणा. मी आयकतंय."

या नियमामागे एक कॅसेट आहे.

तिचा नवरा लिनो बोटीवर खानसामा होता. नऊ-नऊ महिने घराबाहेर. गावात तेव्हा फोन नव्हते. तो कॅसेटवर बोलून ती सुट्टीवर निघालेल्या एखाद्या गोवेकराबरोबर पाठवी. शेजारची यशोदा भाजी निवडत ऐकायला येऊन बसे. लिनो माडांची चौकशी करी, विहिरीची करी. एका कॅसेटच्या शेवटी मात्र त्याने लांब शीळ घातली आणि हाक मारली, "तांब्या, ये रे!"

तांब्या म्हणजे त्यांचा तांबूस कुत्रा. त्याने टेप हुंगला, घराभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि किनाऱ्याकडे धाव घेतली. दोघी पोट धरधरून हसल्या. दुसऱ्या दिवशी एस्पेरांसाने गंमत म्हणून कॅसेट पुन्हा लावली. तिसऱ्या दिवशीही लावली. तांब्याने अन्न सोडले. चौथ्या सकाळी तो लाटांच्या कडेने देवबागकडे निघाला, आणि खाडी समुद्राला मिळते तिथे त्याच्या पावलांचे ठसे संपले. पुढे लिनो घरी आला तेव्हा फाटकातूनच त्याने शीळ घातली. त्या शिळेला कोणी धावून आले नाही.

आता लिनोलाही जाऊन सहा वर्षे झाली.

यंदा यशोदा लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला निघाली आणि आपला कुत्रा बाळग्या घेऊन फाटकाशी आली. एस्पेरांसाने तिलाही सगळे नियम सांगितले.

"चाळीस वर्सां तुझ्या चुलीकडे बसलंय मी, आणि माका नियम?"

"तू आत ये, चाय घे. पण नियम तोच."

पाचव्या दिवशी भर दुपारी फोन वाजला. "एस्पे, फोन तेच्या कानाक लाव गो. एकदाच हाक मारतंय."

"नाय."

"माझो कुत्रो तो!"

"तू परत येयसर माझो."

"मोठी इली मास्तरीण!" यशोदाने फोन आपटला.

त्या संध्याकाळी घंटा झाल्यावर एस्पेरांसाने नेहमीसारखा फोन लावला. यशोदाने उचलला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. शेजारचे दार आधीच बंद होते. आता ते जास्तच बंद दिसू लागले. कुत्र्यापायी आयुष्याची सोबतीण गमावली की काय, असे तिला वाटू लागले. एकदा तर बाळग्याला जवळ घेऊन ती फोन हातात धरून बसली. मग त्याचे कान बघितले, उभे आणि भोळे, आणि फोन खाली ठेवला.

चौथ्या संध्याकाळी यशोदाने उचलला. "बोल."

"बाळग्या जेवलो. तुझ्या लुगड्यार निजता. यशोदे, तांब्याक विसारलंस?"

यशोदाचा आवाज बारीक झाला. "खाडीच्या तोंडार आपण हाका मारीत बसलेलो. तू चप्पल हरवलंस."

"होय गो."

"मी गप रवतंय. तू फोन थंयच ठेव. माका तेका नुसतो आयकूक दी."

हे नियमात बसत होते. एस्पेरांसाने फोन पायरीवर ठेवला. बाळग्या रिकामी ताटली चपचप चाटत होता. माडांपलीकडे समुद्र होता. पुण्यातली एक बाई श्वास रोखून ते सगळे ऐकत होती.

"एस्पे," शेवटी ती हळूच म्हणाली, "ती कॅसेट आसा गो अजून?"

"आसा. कपाटात."

"आयकतंस कधी?"

"टेप खंय आसा आता? आणि असतो तरी लावलंय नसतंय."

"कित्याक?"

एस्पेरांसाने फाटकाकडे पाहिले. "मीय धावत सुटतलंय किनाऱ्यार. शोधूक कोण येतला? तू थंय पुण्यात."