साठीपर्यंत न निघणारे पैसे

भाचीच्या साखरपुड्याला मी अमरावतीला गेले आणि सकाळपासून स्वयंपाकघरातच होते. मी अकोल्याच्या एका खाजगी लॅबमध्ये रक्त तपासते. वय बेचाळीस, लग्न केलं नाही. पंगतीत वाढत असताना नवरदेवाच्या काकांनी सहज विचारलं, "ताईंचं पुढं कसं?"

माझा मोठा भाऊ, भाचीचा बाप, म्हणाला, "इचं काय, म्हातारपणी येईनच आमच्या दारात. मागच्या खोलीत खाट टाकून देऊ."

पंगत हसली. भाची तेवढी हसली नाही. मी वरणाची बादली पुढच्या पानाकडे नेली.

भाऊ विमा एजंट आहे. नऊ वर्षांपूर्वी माझी पॉलिसी त्यानंच काढली होती. अकोल्याला परतल्यावर तिचे कागद मी पहिल्यांदा नीट वाचले. वाढ म्हणाल तर साध्या बचत खात्याएवढी. वारस म्हणून त्याच्या मुलाचं नाव. मला विचारलं नव्हतं, पण सही माझीच होती. मी नुकसान सोसून पॉलिसी बंद केली.

बँकेतल्या बाईंनी दोन खाती समजावली. एक पंधरा वर्षांचं, सरकार ठरवील त्या व्याजाचं. दुसरं पेन्शनचं. त्यात पैसे बाजारात लागतात, साठीनंतर काही हातात आणि बाकीचे दरमहा मिळतात.

"मधात काढता येते का?" मी विचारलं.

"अगदी थोडे. तेही तसंच कारण असलं तर."

"मग हे पेन्शनचंच द्या."

भावानं मागितले असते तर मी दिले असते. मी मला ओळखते. वारसाच्या रकान्यासाठी भाचीला फोन केला, तर ती घाबरली. "आत्या, माहं नाव नको टाकू. बाबा चिडतीन."

"चिडू दे," मी म्हटलं आणि तिची जन्मतारीख लिहून घेतली.

एवढ्यावर माझं समाधान झालं नाही. मार्च जवळ आला होता. विमा कंपनीच्या परदेश सहलीसाठी भावाला चार पॉलिसी कमी पडत होत्या, आणि माझ्या लॅबमधल्या चौघींवर त्याचा डोळा होता. मी फोन केला, "रविवारी ये. चौघीबी येतीन माझ्याकडे."

तो पेढे घेऊन आला. चौघींना काय विचारायचं ते मी आठवडाभर शिकवलं होतं.

"पहिल्या हप्त्यातलं तुमाले किती भेटते, दादा?"

"मधातच बंद केली तर आमाले किती वापस भेटते?"

त्यानं फॉर्म परत पिशवीत भरले. चौघी गेल्यावर म्हणाला, "काहून करून राहिली असं?"

"म्हातारपणाची सोय करून राहिली."

पेढ्यांचा डबा न उघडताच तो परत घेऊन गेला. पुढच्या महिन्यात चौघींनीही पेन्शन खाती उघडली. प्रत्येकीबरोबर बँकेत मी गेले होते.

त्याची सहल हुकली. वहिनीचा फोन आला, "सख्ख्या भावाचं असं करते का कोणी?"

मी म्हटलं, "मी केलं." तिनं फोन ठेवला.

दिवाळीला भाऊबीजेचं बोलावणं आलं नाही. त्या दिवशी मी लॅबमध्ये जास्तीची पाळी घेतली. वाईट वाटेल असं धरून चालले होते, पण वाटलं नाही. संध्याकाळी बाजारातून स्वतःसाठी एक चांगली साडी घेतली आणि चालत घरी आले.