दोनदा भरला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही नईमभाईंना ओळखत नाही.

चितेगावला आमची छोटीशी लॅब आहे. सर्व्हरमध्ये बसणारे एसएसडी ड्राइव्ह — सगळी माहिती साठवणारे, तळहाताएवढे — आम्ही तपासून देतो. हे काम मला नईमभाईंनी शिकवलं. कोरा ड्राइव्ह पळतोच. रिकाम्या घरात सामान ठेवायला काय लागतं? भरल्या घरात आधी जुनं हलवावं लागतं, खरा वेग तिथं कळतो. म्हणून ड्राइव्ह दोनदा काठोकाठ भरायचा, वेग उतरून स्थिरावला की मगच आकडा लिहायचा. याला दोन दिवस जातात. "नव्याचे नऊ दिवस असतात, बेटा," ते म्हणायचे. "आधी पोटभर खाऊ घाल, मंग पळव."

आणि मी? एका इस्पितळासाठी नव्या बनावटीचा ड्राइव्ह आला होता. सहज म्हणून कोराच पळवला — आणि काय पळाला तो! जणू हजारो जण एकदम माहिती मागताहेत, आणि हा प्रत्येकाला पापणी लवायच्या आत देतोय. अंगावर काटा आला. मी चक्क ओरडले. साहेब धावत आले, आकडा पाहिला आणि तिथूनच इस्पितळाला फोन लावला.

आता भरायचा कसा? भरला की आकडा उतरणार — सगळ्यांदेखत. मी रिपोर्टात लिहिलं, दोनदा भरला. नईमभाईंनी विचारलं, "भरला ना?" मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या सहीशेजारी सही केली, कागद न उलटता.

काही आठवड्यांत ड्राइव्ह भरत आला आणि मंदावला. सकाळी केसपेपरची रांग इस्पितळाच्या दाराबाहेर गेली. तापानं फणफणलेली माणसं उभी, आणि स्क्रीन हलेना. तक्रार आली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, दोनदा भरल्याची खात्री कुणी केली? "सही माझी हाय," नईमभाई म्हणाले. मी शेजारीच होते. बोलले? नाही. त्यांना पॅकिंगला टाकलं. ज्या माणसानं आम्हा सगळ्यांना शिकवलं तो खोकी चिकटवत निवृत्त झाला.

त्यांचं टेबल मला मिळालं. खणात माझाच रिपोर्ट होता. जन्मापासून आपल्यावर किती लिहिलं गेलं याची मोजदाद ड्राइव्ह स्वतःच ठेवतो, ती पुसता येत नाही — आणि त्या मोजदादीचा कागद रिपोर्टाला आपोआप जोडला जातो. मी विसरलेच होते. आकडा सांगत होता, एकदाही भरलेला नाही. त्याभोवती नईमभाईंच्या पेन्सिलीचं वर्तुळ होतं. शेजारी तारीख — तक्रार आली त्याच दिवसाची.

म्हणजे साहेबांपुढे उभे राहिले तेव्हा त्यांना ठाऊक होतं! एवढं मोठं मन माणसाकडे येतं कुठून? मी अजून थक्क होते. इतकी वेगवान यंत्रं पाहिली, असं काही पाहिलं नाही.

पैठण रोडला कधीकधी भेटतात. "भरून बघतीस ना, बेटा?" एवढंच विचारतात. मी हो म्हणते. आता ते खरं असतं. बाकीचं मी त्यांना अजूनही सांगितलेलं नाही.