सिरीज बोर्डावरचा बल्ब

भाग्यश्रीताईंची काटकसर अख्ख्या विश्रांतवाडीत प्रसिद्ध. ती एकदा वर्कशॉपमध्ये अशी काही नडली की विचारू नका!

डबे करणारी ही बाई छत्तिसाव्या वर्षी आयटीआयमध्ये दोन वर्षांच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कोर्सला गेली, तेव्हा शेजारणींनी तोंडाला पदर लावला. नवरा साईनाथ शाळेची बस चालवतो. तो एवढंच म्हणाला, "शिक बापडे. पण कंपनीनं घेतलं नाही, तर परत डबे." पोळ्या लाटायचा ताईंना वीट आला होता, सोल्डरिंगला बसल्या की मात्र तहानभूक हरपायची.

कोर्स संपत आला आणि भोसरीच्या एका कंपनीचे साहेब उमेदवार निवडायला आले. प्रत्येकानं पाच व्होल्टचा पॉवर सप्लाय जोडून चालवून दाखवायचा होता. वर्कशॉपची रीत अशी, की नवं सर्किट थेट विजेला लावायचं नाही, मध्ये सिरीज बोर्डावरचा बल्ब ठेवायचा. तो क्षणभर पेटून मंद झाला तर सर्किट ठीक, भगभगत राहिला तर कुठंतरी शॉर्ट.

वर्गातली पायल पहिली गेली. बल्ब नुसताच लुकलुकला आणि मीटरवर पाच व्होल्ट काही येईनात. तिच्यामागून गेलेल्या पोरांचीही तीच गत. शिकवणाऱ्या महिपती सरांचा चेहरा पडला. "दोन वर्षं शिकवलंत की नुसती हजेरी घेतलीत?" साहेबांनी शांतपणे विचारलं.

ताईंचाही सप्लाय मेलेलाच निघाला. त्या घाईघाईनं सोल्डरचे टाके सोडवायला बसल्या आणि मध्येच थांबल्या. सगळ्या घरांची आमटी एकाच दिवशी कशी बिघडेल? पाण्यातच काहीतरी असणार! त्यांनी वर सिरीज बोर्डाकडे पाहिलं. साहेब येणार म्हणून काल बोर्ड पुसता पुसता त्यांनीच जुना पिवळा बल्ब काढून घरचा नवाकोरा एलईडी लावला होता. वीज वाचेल म्हणून! एलईडी पुढच्या सर्किटला पुरेशी वीज जाऊच देत नाही, हे दोन वर्षं शिकूनही त्या वेळी डोक्यात आलं नव्हतं.

बोलावं तर हातची नोकरी जाणार. न बोलावं तर सगळ्यांचीच जाणार.

"सर, सर्किटं चांगली आहेत. बल्ब मी बदलला. चूक माझी."

जुना बल्ब त्यांनी फेकला थोडाच होता! कपाटातून काढून लावला. पायलचा सप्लाय जोडला, बल्ब लख्ख पेटून मंदावला आणि मीटरवर पाच! मग दुसऱ्याचा, तिसऱ्याचा! पोरांनी बाकं बडवली. शेवटी ताईंचा. पाच! ताई चक्क टाळ्या वाजवत सुटल्या.

"बाई, वीज वाचवायला आमच्याकडे वेगळा विभाग आहे," साहेब म्हणाले. "तुम्ही टेस्टिंगला या. माल नापास झाला की आमची माणसं मालालाच शिव्या घालतात, तपासायचं यंत्र कुणी तपासत नाही. आणि स्वतःची चूक तर कुणी सांगतच नाही. सोमवारपासून जमेल?"

ताई धावतच व्हरांड्यात आल्या आणि फोन लावला. "अहो, घेतलं! मला कंपनीनं घेतलं!"

साईनाथची बस शाळेच्या फाटकाशी उभी होती, आत पोरांचा नुसता कालवा. मग तो पोरांवर ओरडलेला ऐकू आला, "ए, गप बसा रे जरा! माझी बायको इंजिनियर झाली!"

आणि अख्खी बस ओरडली.