सप्टेंबरातला बुधवार

आमच्या डहाणूच्या वाडीत चिकूपेक्षा किस्से लवकर पिकतात. दुपारी वखारीत चिकू निवडायला चार माणसं बसली की पाचवा किस्सा तयार! त्यातले निम्मे आमच्या काकाचे. पण वखारीत सापडलेल्या एका बॅगेचे किस्से सांगताना हल्ली मला पूर्वीसारखं हसू येत नाही.

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी त्यांची वाचा जवळजवळ गेली होती. मला जवळ बोलावलं आणि कसंबसं म्हणाले, "माळ्यावरची मिलिटरीची बॅग... ज्याची त्याला दे." कोणाची, ते सांगायच्या आत त्यांना ग्लानी आली.

वखारीच्या माळ्यावर खरंच एक खाकी कॅनव्हासची बॅग निघाली. आत चिकू उतरवायच्या जुन्या जाळ्या. बाहेर काळ्या रंगात इंग्रजी अक्षरं होती : 'सेप', पुढे 'बुध'. त्यापुढची उडून गेलेली.

काकाने चष्मा पुसला. "सोपं आहे! सेप म्हणजे सप्टेंबर, बुध म्हणजे बुधवार. सप्टेंबरातल्या बुधवारी घेतलेली बॅग!"

"पण कोणी?"

"ते तुझ्या बापालाच ठाऊक," म्हणत काका परत चिकू निवडायला बसला.

*

महिनाभर आम्ही सप्टेंबरच धरून बसलो होतो. मग चिकू न्यायला व्यापारी जयंतीभाई आले. बॅग उलटीपालटी करून म्हणाले, "काका, एक वात पूछू? इंग्लिशमध्ये बुधवारला बुध कधीपासून बोलायला लागले?"

काका दोन दिवस कोणाशी बोलला नाही!

*

चारोटीला हायवेवर एका रिटायर्ड सुभेदारांचं हॉटेल आहे. त्यांना दाखवायला निघालो, तेव्हा गंजाडला बरोबर घेतलं. गंजाड म्हणजे आमच्या वाडीतला जुना गडी. गंजाड गावचा, म्हणून बाबा त्याला गंजाड म्हणायचे, मग आम्ही सगळेच. चाळीस वर्षं वाडीत. एरवी टेम्पोत मागे क्रेटवर बसायचा. पण आतल्या गावांत चौकशी करायची तर तिथली बोली त्यालाच येणार, म्हणून या वेळी त्याला गाडीत पुढे बसवलं. बॅग त्याच्या मांडीवर.

सुभेदारांनी अक्षरं पाहिली आणि कपाळावर हात मारला. "सप्टेंबर? अहो, सेप म्हणजे सिपाही! जवानाला कॅलेंडर करून टाकलंत तुम्ही!"

ते बाहेर आले तेव्हापासून गंजाड टाचा जुळवून ताठ उभा होता. काका माझ्या कानात म्हणाला, "याचे गुडघे धरलेत वाटतं."

*

सुभेदारांनी तलासरीकडे चौकशी करायला सांगितलं. तिकडची बरीच पोरं त्या काळी फौजेत गेली होती म्हणे. तिथे एका पाड्यावर म्हातारी अंगणात भात वाळवत होती. तिला विचारलं, "आजी, बुध नावाचा कोणी फौजी होता का इथे?"

"बुध्या? आमच्यात बुधवारी जल्मला तो बुध्या, सोमवारी जल्मला तो सोम्या. बुध्ये लय हायत. तुम्हाला कुठल्या बुधवारचा पायजे?"

"बघ!" काका ओरडला. "बुधवार मीच म्हटलं होतं!"

गंजाड डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. त्याला इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

तलासरीला आम्ही चार खेपा केल्या. सहा-सात बुध्ये भेटले, फौजी एकही नाही. बाबांचं वर्षश्राद्ध आठ दिवसांवर आलं आणि मला जेवण जाईना. बाबांनी शेवटचं एकच काम सांगितलं होतं, तेही माझ्याच्याने होत नव्हतं.

*

त्याच आठवड्यात गंजाड तापाने गेला. मी आणि काका त्याच्या घरी गेलो. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. बॅग गाडीत पुढच्या सीटवर तशीच पडली होती.

आत कुडाच्या भिंतीवर एक फोटो होता. वर्दीतला कोवळा पोरगा.

"हा कोण?" काकाने विचारलं.

"बुध्या," त्याची बायको म्हणाली. "आमचा म्हातारा."

मी गाडीतून बॅग आणून तिच्यापुढे ठेवली. तिने अक्षरांवरून हात फिरवला.

"मोठ्या शेठनी जाळ्या ठेवायला मागितलेली," ती म्हणाली. "दोन दिवसांसाठी."

मी म्हणालो, "अगं, पण इतक्या वेळा आमच्याबरोबर आला! माझी आहे म्हणून एकदा तरी सांगायचं!"

"मी पण तेच बोलली त्याला," तिने पदराने डोळे पुसले. "तर म्हणायचा, सांगितला तर शोधायचा थांबतील. शेठ मला पुढं बसवतात."