जन्मठेपेचे पेढे
मुलीकडे जायची बस जेलसमोरच्या थांब्यावर मिळते, म्हणून काल मी तिथं उभी होते. तर माझ्याच वयाची एक बाई येईल त्याच्या हातावर पेढा ठेवत होती. मी आपलं सहज विचारलं, "नातू झाला वाटतं?"

"नाही हो बाई, मुलाला जन्मठेप झाली!" आणि हसली की तोंड भरून!

मग तिनंच सांगितलं. मुलाला फाशी होती. राज्यपालांकडे दयेचा अर्ज केला, तो फेटाळला. मग दिल्लीला राष्ट्रपतींकडे केला, आणि तिथून फाशीची जन्मठेप होऊन आली.

मला वाटलं, हे कायदे लिहिणारी माणसं भरल्या घरातच वाढली असणार. बाप नाही म्हणाला की पोरं आजोबांकडे धावतात, तसंच हे. राज्य मोठं की केंद्र, यावर लोक खुशाल भांडू देत. जीव वाचवायला एकाऐवजी दोन दारं आहेत, हे किती बरं!

"ज्यांचं माणूस त्याच्या हातून गेलं, त्यांच्या गल्लीत पेढे नाही वाटले हो," ती हळूच म्हणाली. "तिथं मान खालीच."

तेवढ्यात भेटीची वेळ झाली. तिनं पदर खोचला. "फासावर जाणाऱ्या लेकराला काय बोलायचं, म्हणून इतकी वर्षं गप्प होते. आज त्याची चांगली खरडपट्टी काढते बघा!"

आणि गेली की तुरुतुरु आत.