तात्यांचा पहिला दहावा

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगली पाहिल्या. त्यांतले बरेच आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणता पंचनामा कोणत्या गावचा हे सांगता येत नाही. एक प्रकरण मात्र अजून वेगळे राहिले आहे, आणि त्यात कोणाला साधे खरचटलेही नव्हते.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी नगर जिल्ह्याच्या कोरड्या टोकाला, जामखेडच्या बाजूला, फौजदार होतो. दुष्काळ होता. ठाण्याची सकाळ ठरलेली असायची: हजेरी, गस्तीची नोंद, मग बंदोबस्ताची वाटणी. रेशन दुकानावर एक शिपाई, सुकडी वाटपाला दोन, खडी फोडण्याच्या कामावर पगारवाटपाच्या दिवशी दोन. माणसे संपायची, बंदोबस्त संपायचा नाही. मी रोज कामांची यादी करायचो आणि निम्मी उद्यावर ढकलायचो.

अशाच एका दुपारी आमच्या भागाच्या खासदारांचे स्वीय सहायक तावातावाने ठाण्यात आले. खर्ड्याच्या पुढच्या एका गावात साहेबांना नदीच्या पात्रात दुपारपर्यंत अडवून ठेवले होते, अशी त्यांची फिर्याद.

खासदारांबद्दल थोडे सांगायला हवे. शेतकऱ्याचे पोर, वकील झालेले, अगदी पहिल्या निवडणुकीपासून दिल्लीला जाणारे. तिथे ते काय बोलत हे आमच्याकडे फारसे कोणाला ठाऊक नव्हते. पण कोणाच्या दहाव्याला काय बोलले, ते गावेच्या गावे सांगत. दहावा त्यांनी कधी चुकवला नाही. नदीवर पिंड ठेवले की साहेब उठून पाच मिनिटे बोलत. मेलेल्या माणसाच्या बैलांची नावेसुद्धा त्यांना ठाऊक असत. विरोधक चिडून म्हणत, हा माणूस मतपेटीतून नाही, स्मशानातून निवडून येतो.

या वेळी निरोप आला होता तात्यांचा. तात्या म्हणजे साहेबांचे पहिल्या निवडणुकीतले सोबती. 'तात्या वारले, परवा दहावा आहे,' असा निरोप नगरला साहेबांच्या सावेडीच्या बंगल्यावर मिळाला. साहेब दिल्लीहून आले आणि तसेच गावाला गेले. पात्र कोरडे ठणठणीत. माणसे मात्र भरपूर, सगळी गप्प बसलेली. साहेब उभे राहून बोलले. बोलून झाल्यावर एक म्हातारा उठला आणि म्हणाला, "तात्याचं झालं. आता कामाचं बोला."

त्या गावचे खडीचे काम महिनाभर बंद होते. रस्त्याचे माप पुरे झाले म्हणून बंद केलेले. दुसरे काम पंधरा मैलांत नव्हते. लोक जीपभोवती बसले. काम सुरू करण्याचा शब्द साहेबांनी दिला, तेव्हाच उठले.

निघताना सहायक तात्यांच्या विधवेचे सांत्वन करायला घरी गेले. बाई जात्यावर बसल्या होत्या. कपाळावर रुपयाएवढे कुंकू.

"सगळ्या गावानं विनवलं," बाईंनी मला पुढे जबाबात सांगितले. "म्हनले, चार दिवस पुसा. म्या म्हनलं, तुमी जगाला काय सांगायचं ते सांगा. नवरा जिता असताना म्या कुंकू पुसनार न्हाई."

गुन्हा बेकायदेशीर जमाव आणि अडवणुकीचा नोंदला. सहायकांचे म्हणणे, विरोधी पक्षाचे कारस्थान आहे. खोटा निरोप कोणी दिला ते शोधा.

"आणि कामाचं?" मी विचारले.

"निरोप देणारा सापडेपर्यंत काम सुरू होणार नाही. तहसीलला तसं कळवलंय."

म्हणजे गावाची चूल आता माझ्या तपासावर अडकली.

गावात जबाब घेतले. प्रत्येक जण साहेबांचे भाषण शब्दन् शब्द सांगे, आणि तात्या कुठे आहेत विचारले की आभाळाकडे बघे. विरोधी पक्षाचे दोघे चौकशीला आणले. ते तर खदाखदा हसले. "एवढं डोकं असतं तर आमी निवडून नसतो का आलो, फौजदारसाहेब?"

मग हवालदारांना घेऊन सावेडीला गेलो. तेव्हा तिकडे तुरळकच बंगले होते. निरोप घेतला होता स्वयंपाकाच्या मावशींनी. मी विचारले, "माणूस कसा होता?"

"येडाच हुता, साहेब. मौतीचा निरोप घेऊन आलेला मानूस दारातच उभा ऱ्हातो. पानी घेत न्हाई. जाताना 'येतो' म्हनत न्हाई. ह्यो गडी मागच्या दारानं आत आला, तांब्या कुठं असतो ते न इचारता हात घातला, पानी प्याला, वर च्या मागितला. आन् जाताना म्हनतो, येतो गं बाई! मला तवाच कसंतरी झालं."

"मग बोलला का नाहीत?"

"कुनाला? हितं माझं कोन ऐकतंय?"

आम्ही दिवाणखान्यात बसलो होतो, सहायकही होते. भिंतीवर पहिल्या निवडणुकीतला एक मोठा फोटो होता. सायकलच्या कॅरियरवर तरुण साहेब, हातात पत्र्याचा भोंगा. पुढे पायडल मारणारा मिशाळ गडी. मावशी चहा ठेवायला वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"अगं बया. ह्योच की! मिशा पांढऱ्या करा, ह्योच!"

सहायक उठून फोटोजवळ गेले.

"हे तर तात्या," ते म्हणाले. "वारलेले."

तो फोटो रोज पुसला जाई. साहेब भाषणात त्या सायकलचा उल्लेख करीत. पण पायडल मारणारा माणूस दारात आला, तेव्हा बंगल्यावर त्याला कोणी ओळखले नाही. सहायकांची मान खाली होती. त्यांना दोष द्यावा असे मला वाटले नाही. ते येऊन तीनच वर्षे झाली होती आणि तात्यांना त्यांनी या फोटोपलीकडे कधी पाहिले नव्हते.

परतताना हवालदार म्हणाले, "साहेब, मयतानं सोताच सोताचा निरोप दिला. आता कागदावर काय लिहू, मयत का आरोपी?"

"आधी सापडू तर दे."

सापडायला खबर मिळाली ती एस.टी. कंडक्टरची. तो स्टँडवर हवालदारांना म्हणाला, "तुमचा मयत माझ्या गाडीत हुता. खिडकीच्या जागेवरनं असा भांडला, मेलेला मानूस इतका भांडत न्हाई. नगरला उतरून कोल्हारची गाडी कुठं लागते इचारत हुता. लेक हाय म्हने तिकडं."

जिल्हा तोच, पण कोल्हार म्हणजे दुसरा मुलूख. प्रवरेचे पाणी, दोन्ही अंगांना ऊस. आमच्याकडची धूळ अंगावर घेऊन त्या हिरवळीत उतरायला संकोच वाटला. तात्या लेकीच्या गोठ्यासमोर गवत निवडत बसले होते. गणवेश पाहून उठलेसुद्धा नाहीत.

"या फौजदार. लई उशीर केला. काम सुरू झालं का?"

"नाही. तुम्ही सापडेपर्यंत होणार नाही, असं वरून सांगितलंय."

"आरं तिच्या! मग आधी सांगायचं न्हाई? मीच चालत आलो असतो ठाण्यात."

लेकीने चहा दिला. मी जमिनीवरच बसून जबाब घेतला. दरडावण्याची गरज पडली नाही.

"का केलंत असं?"

"तीनदा बंगल्यावर गेलो. साहेब दिल्लीला हायेत. साहेब मीटिंगमधी हायेत. नाव सांगून जा. सांगितलं नाव, तर पोरगं इचारतंय, कोन तात्या? तवा ध्यानात आलं. साहेब जित्या मानसाला गावत न्हाईत, मेलेल्याला चुकवत न्हाईत. म्हनलं, जरा मरून बघू."

"आणि चौथ्यांदा निरोप घेऊन स्वतःच गेलात?"

"दुसरा कोन जानार? उद्या पकडला असता तुमी. मेलेल्याला काय करताय?"

"मग दहाव्याला तुम्ही का नव्हता? समोरासमोर बोलला असतात."

तात्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी निव्वळ अडाणी आहे. "माझ्याच दहाव्याला मी कसा जाऊ?"

त्यांना जीपमध्ये बसवून निघालो. नगर मागे पडल्यावर ते हळूच म्हणाले, "फौजदार, साहेब माझ्याबद्दल काय बोलले?"

जबाब माझ्या बॅगेत होते. मी एक काढून वाचून दाखवला. तात्या पुढे झुकून ऐकत होते.

"सायकलचं बोलले का?"

"बोलले. चढावर उतरायला निघाले, तर तुम्ही उतरू दिलं नाही, म्हणाले. तात्या म्हणायचे, उमेदवारानं पायी चालायचं नाही."

"पंक्चरचं?"

"तेही. रात्रभर सायकल खांद्यावर घेऊन चाललात, आणि सकाळच्या सभेत पहिली टाळी तुम्हीच वाजवलीत."

म्हातारा खिडकीकडे वळला. उपरण्याने तोंड पुसले. "ध्यानात हाय म्हनायचं समदं," एवढेच म्हणाला.

साहेबांना कळवले. ते स्वतः ठाण्यात आले, याचे मला आजही आश्चर्य वाटते. थकलेले दिसत होते. दिल्ली, दौरे, दुष्काळ, लोकांच्या अपेक्षा, सगळे चेहऱ्यावर होते. तात्या बाकावर बसले होते. साहेब त्याच बाकावर बसले.

"तात्या, माझ्याशी असं वागलात?"

"मग कसं वागू? तुमीच सांगा, कसं भेटायचं तुमाला."

साहेबांनी तात्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "मी तिथं रडलो हो, तात्या."

"कळलं मला. फौजदारानं वाचून दाखवलं."

मग दोघेही हसले, पण ते हसणे काही फार काळ टिकले नाही. साहेबांनी माझ्या टेबलावरचा फोन ओढला आणि ट्रंक कॉल मागितला. दोन दिवसांत गावात खडीचे काम सुरू झाले. जो फोन महिनाभर झाला नव्हता, तो झाला. सहायकांनी फिर्यादीतला जोर काढून घेतला आणि आम्ही प्रकरण निकाली काढण्याचा अहवाल पाठवला. हवालदारांचा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही. त्यांनी तात्यांना 'सदर इसम' म्हटले.

पुढच्या वर्षी तात्या खरोखरच गेले. बंगल्यावर निरोप गेला, आणि बंगल्यावरून मला फोन आला, "खरंच वारलेत का, जरा खात्री करून कळवा."

हवालदारांना पाठवले. ते संध्याकाळी आले, टोपी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "बाईच्या कपाळावर कुंकू न्हाई, साहेब."

मी तसे कळवले. दहाव्याला साहेब आले. त्या साली नदीला पाणी होते. गर्दी मोठी होती, मी बंदोबस्ताला होतो. पिंड ठेवले, माणसे साहेबांकडे बघू लागली. साहेब उठले नाहीत. जे बोलायचे ते मागच्या वेळी बोलून झाले होते, आणि ज्याने ऐकायचे त्याने ते ऐकलेही होते. कोणी आग्रह केला नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे लोक विचारतात. राजकारणाबद्दल फार काही नाही. साहेब वाईट नव्हते. त्यांच्याकडे मेलेल्यांसाठी वेळ होता आणि जिवंतांसाठी उरत नव्हता, इतकेच. आपल्या बहुतेकांचे तेच आहे.

निवृत्तीनंतर याद्या करण्याची सवय गेली नाही. एक यादी अजून भिंतीवर लावलेली असते: जुने हवालदार, शिपाई, एक-दोन सुटून आलेले आरोपीसुद्धा. आठवड्याला एकाकडे जातो. दहाव्यांना आता फारसा जात नाही, गुडघे दुखतात. या घरांत आत जाऊन बसतो, पाणी पितो, चहा मागून घेतो. आणि उठताना, विसरू नये म्हणून जरा मोठ्यानेच, "येतो" म्हणतो.